शिंगरांच्या सांध्यातील कूर्चाविकार : उगम आणि प्रतिबंध

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापी नदीच्या काठी यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब अशा दूरदूरच्या राज्यांतून व्यापारी येथे जनावरे आणतात. गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते, मग उंची. दात पाहून वय ताडले जाते. रवाल चाल दाखविण्यासाठी घोडा दोन-चार वेळा फिरविला जातो. अंगावरील केसांचे भोवरे शुभ की अशुभ यावरून तर कित्येकदा किमतीची घासाघीस रंगते. एवढी बारीक पारख चालू असताना मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर हात ठेवून तो दाबून पाहणारा जाणकार मात्र विरळा. त्या सांध्याच्या पुढच्या अंगाला लिंबाएवढा मऊ फुगवटा असला आणि जनावर लंगडत नसले, तर प्रवासाने पाय सुजला आहे, एवढ्या खुलाशावर बहुधा भागते.

दीड-दोन वर्षांच्या घोड्यात असा फुगवटा दिसत असेल, तर ती केवळ प्रवासाची सूज नसण्याचा संभव बराच असतो. पशुवैद्यकात ऑस्टिओकाँड्रोसिस या नावाने ओळखला जाणारा, सांध्यातील वाढत्या कूर्चेचा विकार त्याच्या मुळाशी असू शकतो. परदेशातील मोठ्या चणीच्या आणि शर्यतीच्या घोड्यांच्या बहुतेक पाहण्यांत शेकडा दहा ते तीस जनावरांत तो आढळून आला आहे. या विकाराचे वैशिष्ट्य असे की, तो दृष्टीस पडतो तेव्हा त्याचा आरंभ होऊन वर्ष-दीड वर्ष लोटलेले असते. नालबंदाने नाल चुकीचा ठोकला, शिंगरू चिखलात घसरले, शेजारच्या घोड्याने लाथ मारली, चाबूकस्वाराने कोवळ्या वयात रिंगणावर धरले, अशी नाना कारणे मालक शोधीत राहतो. यांपैकी एखाद्या गोष्टीने दुखणे उघडकीस आणले असेलही. परंतु दुखण्याचे बीज शिंगरू आईच्या अंगावर पीत असतानाच पडलेले असते. त्या काळात काय घडते हे समजावून घेतले, तरच घोडी आणि शिंगरू पाळणाऱ्याला वेळीच काही करता येते. एरवी पैसा आणि मेहनत दोन्ही चुकीच्या ठिकाणी खर्ची पडतात.

हाड कसे घडते

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. एवढ्या दीर्घ मुक्कामानंतर जन्मलेले शिंगरू तास-दोन तासांत पायांवर उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी आईमागे धावू लागते. मोठ्या चणीच्या घोडीचे शिंगरू जन्मतः सुमारे पन्नास किलो वजनाचे असते आणि पहिल्या काही महिन्यांत ते दिवसाला एक किलोहून अधिक वाढते. सहा महिन्यांचे होते तेव्हा पूर्ण वाढीच्या निम्म्याच्या आसपास वजन त्याने गाठलेले असते. हा वाढता भार ज्या पायांवर पडतो, त्या पायांची हाडे मात्र त्या वेळी पुरती हाडे झालेली नसतात.

लांब हाडाचे टोक आरंभी कूर्चेचे असते. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्यात हाताला लागतो तसा लवचिक, पांढुरका पदार्थ. या कूर्चेच्या गाभ्यात प्रथम हाडाचे एक केंद्र तयार होते आणि ते चहूबाजूंनी पसरत जाते. पसरण्याची रीत ठरलेली आहे. कूर्चेतील पेशी वाढतात, फुगतात, त्यांच्याभोवतीच्या द्रव्यात चुना साठतो, मग मज्जेकडून सूक्ष्म रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या पेशी त्या चुनखडी चौकटीवर खरे हाड रचतात. अशा तऱ्हेने हाडाची सीमा सांध्याच्या पृष्ठभागाकडे सरकत जाते आणि कूर्चेचा थर पातळ होत जातो. वाढ पुरी होते तेव्हा सांध्याच्या तोंडाशी कूर्चेचे एक पातळ, गुळगुळीत अस्तर तेवढे उरते. ते अस्तर आयुष्यभर टिकायचे असते.

प्रौढ घोड्याच्या या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून पाझरणाऱ्या पोषणावर ते जगते. शिंगराच्या जाड कूर्चेला मात्र एवढ्या पाझरावर जगता येत नाही. म्हणून निसर्गाने तिच्यात बारीक बोगदे ठेवले आहेत आणि त्यांतून धमनी, शीर व केशवाहिन्यांचा जुडगा आतपर्यंत जातो. ही व्यवस्था तात्पुरती असते. कूर्चा पातळ होत गेली की बोगदे एकेक करून बुजतात. पाटाचे पाणी एका हंगामापुरते सोडावे आणि पीक हाती आले की पाट बुजवून टाकावा, तसा हा प्रकार आहे. मात्र पीक उभे असताना पाट फुटला, तर ज्या कोपऱ्याला दुसरीकडून पाणी मिळत नाही तो कोपरा वाळतो.

रक्तवाहिनी तुटते तेथे

नेमके हेच या विकारात घडते. हाडाची सीमा पुढे सरकते तसतशी कूर्चेतील काही रक्तवाहिन्यांची टोके ती ओलांडतात आणि हाडातील मज्जेच्या रक्तवाहिन्यांशी जोडली जातात. मऊ कूर्चा आणि कठीण हाड यांच्या सांधणीच्या या जागी वाहिनी सर्वांत नाजूक असते. तेथे ती तुटली किंवा बुजली, तर तिच्या पलीकडचा कूर्चेचा भाग उपाशी पडतो आणि त्यातील पेशी मरतात. मेलेल्या कूर्चेत चुना नीट साठत नाही, मज्जेच्या वाहिन्या तीत शिरत नाहीत, आणि हाडाची पुढे येणारी सीमा त्या जागी अडते. आजूबाजूला हाड पुढे जाते, मध्ये मऊ, निर्जीव कूर्चेचा खड्डा मागे राहतो. वरचे अस्तर या वेळी अखंड असते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. शिंगरू उड्या मारीत असते.

पुढे दोन वाटा फुटतात. मृत भाग लहान असेल, तर भोवतालचे हाड त्याला वेढते, हळूहळू खाऊन टाकते आणि जागा भरून निघते. भाग मोठा असेल आणि पृष्ठभागाजवळ असेल, तर वाढत्या वजनाखाली तेथे चीर पडते. चीर अस्तरापर्यंत पोचली की कूर्चेचा पापुद्रा उचकटतो, कधी पुरता सुटून सांध्यात फिरू लागतो. त्या कचऱ्याने सांध्याचे आवरण चिडते, द्रव जास्त पाझरतो आणि सांधा फुगतो. सारंगखेड्याच्या बाजारातील तो लिंबाएवढा फुगवटा म्हणजे या प्रदीर्घ घटनाक्रमाचा शेवटचा अंक होय.

सांध्यातून सुटलेल्या तुकड्यांची दखल प्रथम माणसांच्या शस्त्रक्रियेत घेतली गेली. जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी १८८७ साली या अवस्थेला ‘ऑस्टिओकाँड्रायटिस डिसेकन्स’ असे नाव दिले. त्यातील ‘दाह’ हा अर्थ पुढे चुकीचा ठरला, कारण दाह हा या रोगाचा परिणाम आहे, आरंभ नव्हे. घोड्यांतील विकाराचे पहिले वर्णन १९४७ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर बराच काळ अभ्यासकांचे लक्ष कूर्चेच्या पेशींच्या दोषाकडे होते आणि रक्तपुरवठ्याचा विचार मागे पडला होता. डुकरांच्या पिलांवरील संशोधनाने तो पुढे आणला. २०१३ साली नॉर्वे, स्वीडन आणि अमेरिका येथील संशोधकांनी शिंगरांच्या गुडघ्याच्या कूर्चेतील रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने मुद्दाम छेदून पाहिल्या. त्यानंतर त्याच जागी तसाच विकार निर्माण झाला. रक्तपुरवठा तुटणे हे विकाराचे कारण ठरू शकते, याचा घोड्यातील हा थेट पुरावा होय. प्रत्येक शिंगरात वाहिनी कशामुळे तुटते, या प्रश्नाचे उत्तर मात्र एवढे सरळ नाही. तेथे वंश, वाढीचा वेग, खाणे आणि भार या सगळ्यांचा गुंता आहे.

वयाची मर्यादा

घोड्याच्या शरीरात हा विकार वाटेल तेथे होत नाही. मागच्या पायाचा मधला सांधा, म्हणजे माणसाच्या घोट्याशी जुळणारा, टाचेचे हाड मागे आलेला सांधा, ही त्याची सर्वांत आवडती जागा. त्याखालोखाल मागच्या पायाचा गुडघा आणि खुराच्या वरचा सांधा. खांद्यात तो कमी वेळा होतो, परंतु झाला तर फार त्रास देतो. पुष्कळदा उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही पायांत एकाच जागी विकार असतो. अपघाताने असे सहसा घडत नाही.

हॉलंडमध्ये ४३ शिंगरांची, ती एक महिन्याची असल्यापासून अकरा महिन्यांची होईपर्यंत, दर काही आठवड्यांनी क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने पैदास करणाऱ्यांच्या समजुती बऱ्याच बदलल्या. लहान वयात कितीतरी शिंगरांच्या सांध्यांत हाडाची कडा सपाट किंवा खडबडीत दिसत होती. पुढच्या छायाचित्रांत ती आपोआप गुळगुळीत झाली. मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात सुमारे पाच महिन्यांपर्यंत आणि गुडघ्यात सुमारे आठ महिन्यांपर्यंत हे येणे-जाणे चालू होते. त्यानंतर जे होते ते बहुतेक तसेच राहिले. म्हणजे विकार होणे ही जितकी सामान्य गोष्ट आहे, तितकीच त्यातून बरे होणे हीदेखील आहे. आणि दोन्हींसाठी निसर्गाने दिलेली मुदत थोड्या महिन्यांची आहे. दोन वर्षांच्या घोड्याला चुन्याच्या गोळ्या, तेलाची मालीश किंवा डाग देणे यांनी सांध्यातील खड्डा भरत नाही, त्याचे कारण हेच. डाग देण्याची प्रथा तर जनावराला निष्कारण यातना देणारी आहे.

चंदी, तांबे आणि वंश

या विकाराचा सारा दोष ‘जास्त खुराका’वर टाकण्याची एक पद्धत आहे. ती अर्धी खरी आहे. १९९३ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगात शिंगरांच्या एका गटाला शिफारशीच्या १२९ टक्के इतका ऊर्जायुक्त आहार देण्यात आला. त्या गटात कूर्चेचे विकार ठळकपणे अधिक आढळले. आहारात फॉस्फरस भरमसाट वाढविला तेव्हाही तसेच झाले. धान्याचा मोठा तोबरा एकदम दिला की रक्तातील साखर आणि तिच्या पाठोपाठ इन्शुलिन वर चढते आणि त्याचा परिणाम कूर्चेच्या पक्व होण्यावर होतो, असेही दिसून आले आहे. बेल्जियममधील पाहणीत तर गाभण घोडीला धान्ययुक्त खुराक दिला असेल तर शिंगरांत विकाराचे प्रमाण जास्त आढळले.

महाराष्ट्रात घोड्याची चंदी म्हणजे हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा. यांपैकी कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. केवळ कोंडा आणि हरभऱ्यावर वाढविलेल्या शिंगराला वजन चढते, कातडी चकाकते आणि बाजारात किंमतही येते. परंतु आतल्या हाडाच्या सीमेला तो वेग पेलतोच असे नाही. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्याने त्याची जोड उपयुक्त ठरते. चराई, हिरवा चारा, चांगले वाळलेले गवत यांवर मुख्य भर, चंदी थोडी आणि दिवसातून दोन-तीन वेळा विभागून, तीही प्रमाणात क्षार मिसळून, हा क्रम अधिक सुरक्षित आहे. शिंगरू बारीक राखावे असा याचा अर्थ नव्हे. उपासमारीने वाढ थांबलेल्या शिंगराला एकाएकी भरपूर खुराक मिळाला की ते झपाट्याने भरून येते. तो झपाटाही धोक्याचाच असतो.

तांब्याची गोष्ट अधिक उद्‌बोधक आहे. कूर्चेतील तंतू एकमेकांशी पक्के बांधण्याचे काम ज्या विकरामुळे होते, त्याला तांबे लागते. घोडीच्या दुधात तांबे फार थोडे असते, म्हणून शिंगरू जन्माला येतानाच आपल्या यकृतात त्याचा साठा घेऊन येते आणि हा साठा गर्भकाळाच्या अखेरच्या महिन्यांत होतो. न्यूझीलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाभण घोड्यांना तांबे दिले तेव्हा शिंगरांच्या कूर्चेतील दोष कमी झाले. जन्मानंतर थेट शिंगरांना दिले तेव्हा तसा फरक पडला नाही. पुढे हॉलंडमधील अभ्यासात असे दिसले की, जन्माच्या वेळी तांब्याचा साठा चांगला असलेल्या शिंगरांत विकार कमी होत नाही, परंतु झालेला विकार लवकर बरा होतो. तांबे हे रोग रोखणारे औषध नसून दुरुस्तीचे सामान आहे, असे म्हणणे त्यामुळे अधिक योग्य ठरेल. जस्ताचे प्रमाण फार वाढले तर तांबे अंगी लागत नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात पामर्टन येथे जस्त वितळविणाऱ्या कारखान्याजवळच्या कुरणात वाढलेल्या शिंगरांत हा विकार तीव्र स्वरूपात दिसला होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत धनगर समाजाने मेंढ्यांच्या कळपाबरोबर सांभाळलेली भीमथडी घोड्यांची जात आता राष्ट्रीय नोंदीत स्वतंत्र जात म्हणून समाविष्ट झाली आहे. ज्यांच्याकडे घोडी आणि मेंढ्या एकाच वाड्यात आहेत, त्यांनी घोडीसाठी आणलेले तांबेयुक्त क्षारमिश्रण मेंढ्यांच्या तोंडी लागू देऊ नये. घोड्याला जे मानवते ते मेंढीच्या यकृताला विष ठरू शकते.

वंशाचा वाटा निश्चित आहे, पण तो एकाच दोषाचा नाही. अनेक जनुकांचे थोडेथोडे परिणाम त्यात एकत्र येतात. मोठ्या चणीच्या, वेगाने वाढणाऱ्या आणि निवडक नरांपासून पैदास केलेल्या घोड्यांत विकार जास्त. लहान चणीच्या तट्टांत आणि रानात मोकळ्या वाढणाऱ्या घोड्यांत तो क्वचित आढळतो. कळपामागे मैलोगणती चालणारे, चराईवर हळूहळू वाढणारे भीमथडी शिंगरू आणि १९४६ पासून पुण्यात कार्यरत असलेल्या पूनावाला स्टडसारख्या ठिकाणी शर्यतीसाठी वाढविले जाणारे शिंगरू यांच्या वाढीचे गणित मुळातच वेगळे आहे. म्हणून एकाचा खुराक दुसऱ्याला लागू करणे चुकीचे होय. युरोपातील काही पैदास संस्था १९८० च्या दशकापासून वळू घोड्यांच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी करून मगच त्यांना पैदाशीची परवानगी देतात. आपल्याकडे घोडी फळविताना नराचा रंग आणि उंची जेवढ्या आवर्जून पाहिली जाते, तेवढ्याच आवर्जून त्याचे मागचे सांधे पाहणे कठीण नाही. ज्या नराची दोन-तीन शिंगरे सांधे फुगलेली निघाली, त्याची किंमत कितीही असो, तो पुन्हा न वापरणे हे शहाणपणाचे.

व्यायामाबाबत टोकाचे दोन्ही मार्ग नडतात. शिंगराला कोंडून ठेवल्याने कूर्चा बळकट होत नाही, कारण भारामुळेच ती घडते. आठवडाभर तबेल्यात बांधून मग एकदम मोठ्या माळावर सोडले, तर कमकुवत जागेवर अचानक ताण येतो. दररोज, आईबरोबर, मऊ जमिनीवर मोकळे फिरणे हा साधा उपाय सर्वांत भरवशाचा ठरला आहे.

नाळेची काळजी ही गोष्टदेखील येथेच सांगावयास हवी. जन्मानंतर काही आठवड्यांतच शिंगराचा सांधा तापला, दुखू लागला, अंगात ताप भरला, तर तो हा विकार नव्हे. नाळेवाटे किंवा आतड्यावाटे रक्तात शिरलेले जंतू सांध्यात पोचलेले असतात आणि अशा वेळी एका दिवसाचाही विलंब घातक ठरतो. परंतु दोन्हींचा संबंध अगदीच नाही असेही नाही. हे जंतू कूर्चेतील त्याच नाजूक वाहिन्यांत अडकतात आणि त्या बुजवितात. त्यामुळे मागाहून कूर्चाविकारासारखेच खड्डे निर्माण होऊ शकतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पहिल्या काही तासांत पोटभर चीक आणि नाळेला जंतुनाशक, या दोन स्वस्त गोष्टींचे मोल त्यामुळे आणखी वाढते.

गोऱ्हा आणि माणसाचे मूल

सेवाग्राम आणि वर्ध्याच्या परिसरात घोडा हे घरोघरचे जनावर नाही. येथील मान गवळाऊ बैलाचा. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील ही सडपातळ, पांढरी, चपळ जात तिच्या चालीसाठी प्रसिद्ध आहे. १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने त्या कामाला वाहिले, तेव्हापासून गोपालनाचा विचार या मातीत रुजलेला आहे. शिंगराच्या सांध्याची ही कथा गोपालकांनाही परकी वाटू नये, कारण वाढत्या कूर्चेचा हा विकार गाईच्या वासरांतही होतो. झपाट्याने वाढावीत म्हणून भरपूर धान्य खाऊ घातलेल्या आणि कठीण जमिनीवर बांधून ठेवलेल्या गोऱ्ह्यांत तो विशेष आढळतो. चराईवर वाढणाऱ्या गवळाऊ गोऱ्ह्याला त्याची भीती कमी; परंतु शंकरपटाच्या जोडीसाठी एखादा गोऱ्हा निवडून त्याला ढेप आणि धान्याचा मारा करणाऱ्यांनी आणि वर्ष भरण्याआधीच त्याला पळवू पाहणाऱ्यांनी त्याच्या मागच्या सांध्यांवर लक्ष ठेवावे.

माणसाच्या मुलांतही हा विकार होतो. दहा ते वीस वर्षे वयाच्या, खेळणाऱ्या मुलामुलींच्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला तो प्रामुख्याने दिसतो. शिंगरांवरील २०१३ सालच्या प्रयोगाचा एक हेतू मुलांमधील हा विकार समजून घेणे हाही होता. मुलाचे हाड अजून वाढत असेल, तर धावणे आणि उड्या मारणे काही महिने थांबविल्याने जागा पुष्कळदा भरून येते. वाढ थांबल्यानंतर तशी शक्यता कमी होते. गुडघा वरचेवर सुजत असेल, मध्येच अडकत असेल, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून ते अंगावर काढू नये. १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून क्ष-किरण छायाचित्र काढून घेणे वर्धा जिल्ह्यातील पालकाला अवघड नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटून हाडाचे डोके ढासळते. तो रोग निराळा, त्याचे कारण निराळे. मात्र रक्त पोचले नाही की हाड जगत नाही, हे सूत्र तेच.

ओळख आणि उपचार

शिंगराच्या मालकाने महिन्यातून एकदा, जनावर शांत उभे असताना, दोन्ही मागच्या पायांचे सांधे एकाच वेळी हाताने चाचपावेत. एका बाजूने दाबल्यावर दुसऱ्या बाजूला मऊ फुगवटा सरकत असेल, तर सांध्यात द्रव वाढला आहे असे समजावे. मधल्या सांध्याच्या विकारात जनावर कित्येकदा मुळीच लंगडत नाही. गुडघ्याचा विकार मात्र लंगड आणतो, शिंगरू फार वेळ पडून राहते, उठताना कचरते. निदानाची खात्री क्ष-किरण छायाचित्रानेच होते आणि ते दोन्ही पायांचे काढावे. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत. अवघड प्रकरणात तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने जनावर तेथे नेता येते.

शिंगरू पाच-सात महिन्यांच्या आत असेल आणि पापुद्रा सुटलेला नसेल, तर चंदी कमी करून, क्षारांचे प्रमाण सुधारून, मर्यादित मोकळ्या फिरण्यावर ठेवणे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा छायाचित्र काढणे हाच उपचार. पापुद्रा किंवा तुकडा सुटला असेल, तर दुर्बिणीच्या साहाय्याने लहानशा छेदातून तो काढून टाकतात आणि खालचे हाड खरवडून स्वच्छ करतात. मधल्या सांध्यातील तुकडा काढल्यावर बहुतेक घोडे पुन्हा पूर्ण कामाला लागतात. गुडघ्यात यश खड्ड्याच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असते, खांद्यात ते कमी. वेदनाशामक टोचून फुगवटा उतरविणे आणि घोडा बाजारात उभा करणे, याला उपचार म्हणता येणार नाही. खरेदीदाराने म्हणूनच घोडा सकाळी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी, औषधाचा अंमल ओसरल्यावर, पाहावा. सांध्यावर हात फिरवावा. किंमत मोठी असेल तर पैसे देण्यापूर्वी दोन्ही मागच्या पायांची छायाचित्रे मागावीत.